मुलाखतीची तयारी नेमकी कोणी करायची?

फेब्रुवारी ते मे हा प्रवेशाच्या मुलाखतींचा मोसम. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि या महिन्यांत विद्यार्थ्यांकडून, त्याहूनही जास्त त्यांच्या पालकांकडून, एकच प्रश्न येतो: "सर, लेखी निघाली. आता इंटरव्ह्यूची तयारी कशी करून घ्यायची?" प्रश्नामागची धास्ती खरी असते. घरात याआधी कोणी असल्या टेबलासमोर बसलेलं नसतं. मुलीनं लेखी परीक्षा स्वतःच्या जोरावर काढलेली असते, आणि आता दहा-पंधरा मिनिटांत तीन अनोळखी माणसं तिचं काय ते ठरवणार असतात. त्या तिघांना नेमकं काय हवंय, हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर मी देतो, या लेखातही पुढं देणार आहे. पण ते अर्धंच उत्तर आहे. मुलाखतीची जेवढी तयारी विद्यार्थ्यानं करायची, त्याच्या कितीतरी पट ती मुलाखत घेणाऱ्या संस्थेनं करायला हवी. आपल्याकडे पहिल्या तयारीचा मोठा बाजार उभा राहिला. दुसरीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ज्या संस्थेला ही तयारी झेपत नसेल तिनं मुलाखत घेऊ नये, आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांना तरी हे नियमानंच बंधनकारक करावं, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखत उरली आहे कुठं, ते आधी पाहू. महाराष्ट्रात बारावीनंतर अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी या शाखांचे प्रवेश सीईटीवर होतात, वैद्यकीयचे नीटवर. तिथं कोणी समोर बसवून काही विचारत नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या नावाजलेल्या ठिकाणीही व्यवस्थापनाचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर मिळतो. शाळाप्रवेशात तर शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानं मुलांची आणि पालकांची चाळणी लावायला बंदी घातली आहे. ती मोडणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे खालच्या पायऱ्यांवर मुलाखत आपण बरीचशी काढून टाकली. ती टिकून आहे ती वरच्या पायऱ्यांवर: आयआयएम, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, मोठ्या शुल्काची खासगी विद्यापीठं, आणि देशातल्या प्रत्येक विद्यापीठातली पीएच.डी. अहमदाबादच्या आयआयएमच्या अंतिम निवडीत अलीकडच्या वर्षांत एकट्या मुलाखतीला निम्मा भार आहे. पीएच.डी.साठी विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के. जागा थोड्या असतील, पण उद्याचे प्राध्यापक, व्यवस्थापक, दिग्दर्शक याच जागांवरून येतात. म्हणून हा प्रश्न चार-दोन हुशार मुलांच्या करिअरचा म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं यावर फार पूर्वी विचार केला आहे. १९७९ साली श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या तिथल्या एनआयटीत, प्रवेशासाठी लेखी परीक्षा १०० गुणांची आणि तोंडी ५० गुणांची होती. एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडीवर. आणि ती तोंडी परीक्षा प्रत्येक उमेदवारामागं दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. वडील काय करतात, राहायला कुठं आहात, अशा स्वरूपाचे प्रश्न. लेखीत वर असलेली मुलं तोंडीत खाली गेली, लेखीत खाली असलेली वर आली. अजय हसिया आणि इतर विद्यार्थी न्यायालयात गेले. न्या. पी. एन. भगवती यांनी घटनापीठाच्या वतीनं निकाल लिहिला. तोंडी परीक्षा अजिबात नको, असं न्यायालय म्हणालं नाही. पण तिला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वाटा देणं मनमानी ठरेल, दोन-तीन मिनिटांत कोणाचीही पारख होऊ शकत नाही आणि शक्य असेल तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा ध्वनिमुद्रण म्हणजे कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, बऱ्याच मुलाखती पडद्यावरच होतात, आणि तरीही त्यांचं मुद्रण जपून ठेवून उमेदवाराला मागता येईल अशी पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही.

त्याच काळात लीला धर विरुद्ध राजस्थान राज्य या नोकरभरतीच्या प्रकरणात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी एक भेद केला, तो मला अतिशय मोलाचा वाटतो. प्रौढ उमेदवार नोकरीसाठी येतो तेव्हा त्याचं व्यक्तिमत्त्व बऱ्यापैकी घडलेलं असतं, म्हणून तिथं मुलाखतीला अधिक वजन देता येईल. महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्याचं व्यक्तिमत्त्व अजून घडायचं आहे, म्हणून तिथं लेखीलाच जास्त वजन द्यायला हवं. पुढच्या काळात न्यायालयांनी १५ टक्क्यांची मर्यादा सगळीकडे सरसकट लावली नाही, हे खरं. पण हा विचार शिळा झालेला नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलांमध्ये 'आत्मविश्वास' आणि 'संवादकौशल्य' मोजायला बसलो की आपण त्यांचं घर मोजत असतो. जेवणाच्या टेबलावर आईवडिलांशी वाद घालता येतो अशा घरात वाढलेला मुलगा टेबलापलीकडच्या माणसाकडं पाहून सहज बोलतो. मोठ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायला शिकवलेली मुलगी तितक्या सहज बोलत नाही. दोघांच्या बुद्धीबद्दल यातून काहीही कळलेलं नसतं.

हा नुसता अंदाज नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रवेशात लेखीला ७० आणि तोंडीला ३० गुण होते. तोंडीत वंचित समाजांतल्या विद्यार्थ्यांना पद्धतशीर कमी गुण मिळतात, ही तिथल्या विद्यार्थ्यांची तक्रार अनेक वर्षांची. प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीनं काही वर्षांची आकडेवारी तपासली. वेगवेगळ्या सामाजिक गटांच्या लेखी आणि तोंडी गुणांतल्या फरकात भेदभावाकडं बोट दाखवणारा सातत्याचा आकृतिबंध तिला दिसला, आणि २०१६ मध्ये तिनं तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी यूजीसीचे नवे नियम आले आणि घडलं भलतंच: लेखी फक्त पात्रतेपुरती उरली, निवड पूर्ण मुलाखतीवर गेली. मोठा विरोध झाल्यावर २०१८ मध्ये ७०-३० चं प्रमाण परत आलं. १५ ची शिफारस मात्र मागंच राहिली.

आता परीक्षकांची बाजू घेऊ, कारण ती मनापासून मांडली जाते. मी ज्या प्राध्यापकांचा आदर करतो त्यांपैकी अनेक जण म्हणतात की, कागदावर माणूस कळत नाही, समोर बसला की पाच मिनिटांत कळतो. या खात्रीची परीक्षा एकदा योगायोगानं झाली आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ह्यूस्टन इथल्या वैद्यकीय महाविद्यालयानं १९७९ साली नेहमीप्रमाणं सुमारे आठशे उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रमवारी लावली आणि वरच्या फळीतून दीडशे विद्यार्थी घेतले. नंतर राज्याच्या विधिमंडळानं आणखी पन्नास जागा भरायला सांगितलं. तोवर वरच्या क्रमांकांची मुलं इतरत्र गेली होती, म्हणून यादीच्या तळातून, सातशेच्या पुढच्या क्रमांकांवरून पन्नास जण घ्यावे लागले. एकदा नाकारलेली ही मुलं पुढं कशी निघाली, ते अभ्यासकांनी तपासलं आणि १९८७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. वैद्यकीय शिक्षणात आणि त्यानंतरच्या पहिल्या प्रशिक्षण वर्षातही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि मुळात क्रमवारीत ते इतके वरखाली का होते? त्यांच्या आधीच्या गुणांमुळं फारसं नाही. मोठा भाग मुलाखत घेणाऱ्यांच्या मतांचा होता.

दुसरा प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. जेसन डॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे परीक्षेतले गुण ओळखायला सांगितले होते. काही मुलाखतींत उत्तर देणारा खरं काय ते न सांगता, ठरवून दिलेल्या नियमानं कसंही 'हो' किंवा 'नाही' म्हणत होता. विचारणाऱ्यांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांना समोरचा माणूस 'कळला' असंच वाटत राहिलं. आणि मुलाखत न घेता फक्त मागचे गुण पाहून केलेला अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा सरस निघाला. मला यातून परीक्षकांची अप्रतिष्ठा करायची नाही. माणसाचं मन समोरच्याची गोष्ट आपोआप जुळवून घेतं. प्रामाणिक, अनुभवी माणसाचंही घेतं. म्हणूनच मोकळ्या गप्पांवर गुण देण्याची पद्धत बदलायला हवी. चांगले परीक्षक नेमले म्हणून ती चांगली होत नाही.

यावर येणारा सर्वांत जोरकस आक्षेप असा: मग काय फक्त परीक्षेच्या गुणांवर प्रवेश द्यायचे? परीक्षाही क्लासवाल्यांनी ताब्यात घेतलीच आहे की! आक्षेप रास्त आहे. लेखी गुणही निर्मळ नसतात. दोन वर्षं वसतिगृहात राहून तयारी करणं ज्यांना परवडतं त्यांना ते जास्त मिळतात. पण लेखी आणि तोंडीत एक मूलभूत फरक आहे. लेखीची उत्तरपत्रिका उरते. बारावीच्या मुलाला तिची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. स्वतःची उत्तरपत्रिका पाहणं हा माहितीच्या अधिकाराचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं. मुलाखत संपली की मागं एक आकडा उरतो. तो कशाचा, कोणत्या उत्तराचा, किती कापले आणि का, यातलं काहीही तपासायला उरत नाही. ज्या निर्णयाचा मागमूस उरत नाही त्याच्यावर दाद कशी मागायची? मुलाखतीला माझा पहिला आक्षेप हाच आहे, आणि तो संस्थेनं मनावर घेतलं तर दूर होण्याजोगा आहे.

म्हणूनच मी मुलाखत सरसकट बंद करा म्हणत नाही. जिथं पुढचं शिक्षणच बोलण्यातून, दाखवण्यातून, एकत्र काम करण्यातून होणार आहे, तिथं प्रवेशाच्या वेळी ते थोडं करून पाहणं योग्य आहे. सिनेमा शिकायला आलेल्याशी सिनेमाबद्दल बोलायलाच हवं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये एक-दोन विद्यार्थ्यांना घेऊन शिक्षक बसतो आणि आठवड्याचं काम त्यांच्याशी बोलून तपासतो. तिथली प्रवेशाची मुलाखत म्हणजे त्याच तासाचा नमुना असतो. समोर एखादा न पाहिलेला उतारा, आलेख किंवा गणित ठेवतात आणि विद्यार्थी अडला की थोडी वाट दाखवून पुढं तो काय करतो ते पाहतात. तिथंही श्रीमंत शाळांतल्या मुलांना फायदा मिळतोच, त्यावर तिथं सतत वाद चालू असतो. पण प्रश्न विषयाबद्दल असतो, आणि 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता' या प्रश्नापेक्षा अनोळखी आलेखावर विचार करणं हजारपट न्याय्य आहे. पहिल्याचं उत्तर पाठ करता येतं, दुसऱ्याचं येत नाही.

आता विद्यार्थ्यांच्या वाट्याची तयारी. बाजारात जे विकलं जातं ते आधी सांगतो. एका क्लासच्या सराव-मुलाखती मी बसून पाहिल्या आहेत. दहा जण आत येऊन गेले आणि दहाही जणांनी स्वतःची ओळख एकाच चालीत करून दिली: नाव, पदवी, दोन छंद, तीन गुण, आणि 'माझा दोष म्हणजे मी कामात फार बारकाईनं लक्ष घालतो'. मुलांचा काही दोष नव्हता. त्यांना सांगण्यात आलं होतं की, गावाचा उल्लेख थोडक्यात उरका, वडिलांच्या शेतीबद्दल विचारल्याशिवाय बोलू नका, मराठी माध्यम हा विषय टाळा. नवा कोट शिवून घ्या, हेही. एका महिन्याच्या या शिकवणीचे पैसे देण्यासाठी कोणाच्या घरी काय मोडलं गेलं असेल, ते मी विचारू शकलो नाही. पण या तयारीनं त्या मुलांकडं जे खास होतं, जे त्या टेबलावरच्या दुसऱ्या कोणाकडंही नव्हतं, तेच आधी पुसून टाकलं होतं. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे.

त्यातली एक मुलगी लातूर जिल्ह्यातली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती शाळेत होती. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी चाललेल्या या मुलीनं सराव-मुलाखतीत 'टीमवर्क' आणि 'लीडरशिप'बद्दल बोलावं, याहून मोठा अपव्यय कोणता?

तिच्याबरोबर आम्ही जी तयारी केली ती अशी. रेल्वेनं पाणी आणावं लागणाऱ्या जिल्ह्यात ऊस का लावतात, हा एकच प्रश्न घेतला. तिचं पहिलं उत्तर पुस्तकी होतं: शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही. मी तिला घरी जाऊन काकांशी बोलायला सांगितलं. परत आली ती हिशेब घेऊन. उसाला कारखाना गिऱ्हाईक म्हणून बांधलेला असतो आणि एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, कायद्यानं ठरलेली असते. २०२४-२५ मध्ये साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये. पैसे उशिरा मिळतात, पण मिळतात. सोयाबीनला त्याच वर्षी ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता आणि बाजारात ते त्याखाली विकलं गेलं, कारण सरकारी खरेदी सगळ्यांपर्यंत पोचत नाही. मग तिनं स्वतःच विचारलं: म्हणजे काका पाण्याची किंमत न मोजता भावाची हमी विकत घेतायत का? तिथून आम्ही भूजलाकडं गेलो, विहिरीतलं पाणी कोणाच्या मालकीचं यावर गेलो, ठिबकचं अनुदान मिळूनही पाणी का वाचत नाही यावर भांडलो. दोन गोष्टींची उत्तरं तिला मिळाली नाहीत, मलाही देता आली नाहीत. मी म्हणालो, हे दोन्ही प्रश्न तसेच घेऊन जा. कोणी विचारलं तर सांग की, इथपर्यंत मला समजलं, यापुढं नाही, आणि ते शिकायलाच इथं यायचं आहे.

माझ्या लेखी प्रवेशाच्या मुलाखतीची खरी तयारी एवढीच. आपल्या विषयातला, आपल्या परिसरातला एक प्रश्न घ्यायचा आणि त्याच्या तळापर्यंत जायचं. अर्जात जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक ओळीबद्दल दहा मिनिटं बोलता यायला हवं. येत नसेल तर ती ओळ अर्जात नको. वाचलेलं पुस्तक लिहिलं असेल तर त्यातलं काय पटलं नाही ते सांगता यावं. ज्या संस्थेत जायचं तिथले शिक्षक कशावर काम करतात ते पाहावं. 'माहीत नाही' हे शब्द मोठ्यानं, न चाचरता म्हणायचा सराव करावा, कारण आपल्या वर्गांत ते म्हणण्याची शिक्षा झालेली असते आणि जीभ वळत नाही. घरात मोठ्याशी न भांडता मतभेद दाखवायचा सराव करावा; विशेषतः मुलींनी, कारण तो त्यांना नाकारलेला असतो. पाठ केलेली ओळख विसरून जावी. कपडे स्वच्छ आणि सवयीचे असावेत. कोटाचे पैसे प्रवासाला ठेवावेत.

आणि भाषा. इथं मात्र विद्यार्थ्यानं करण्यासारखं थोडं आहे, संस्थेनं करण्यासारखं खूप. वर सांगितलेली मुलगी उसाचा तो सगळा हिशेब मराठीत अस्खलित मांडते. इंग्रजीत तेच सांगताना तिचे विचार निम्मे होतात, आणि ऐकणारा समजतो की विचारच तेवढे आहेत. संघ लोकसेवा आयोग देशाचे जिल्हाधिकारी आणि राजदूत निवडतो. तिथं उमेदवाराला मराठीतून मुलाखत देता येते, त्यासाठी दुभाषा बसवतात, आणि मराठीतून मुलाखत देऊन अनेक जण सनदी सेवेत गेले आहेत. तिथं मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. एवढी मोठी निवडयंत्रणा भाषेची सोय करते आणि मुलाखतीचं वजन आटोक्यात ठेवते. महाराष्ट्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांच्या पीएच.डी. मुलाखतीत मात्र मराठी मुलाला इंग्रजीत चाचपडावं लागतं, आणि बऱ्याचदा टेबलाच्या पलीकडं बसलेले तिघंही मराठीच असतात. याचं समर्थन मला सापडत नाही. शिक्षण इंग्रजीत होणार असेल तर इंग्रजीची वेगळी लेखी चाचणी घ्या आणि तिचे गुण उघड दाखवा. विचारांच्या गुणांत भाषेचे गुण लपवून मोजू नका.

संस्थेनं याशिवाय काय करावं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रवेशासाठी एक पद्धत बसवली. उमेदवार एकाच समितीपुढं बसत नाही; तो एकामागून एक अशा अनेक छोट्या थांब्यांवर जातो, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग, आठ-दहा मिनिटं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रसंग. एका परीक्षकाचा आकस किंवा माया बाकीच्यांच्या गुणांत विरघळते. आज ही पद्धत अनेक देशांतली वैद्यकीय महाविद्यालयं वापरतात. आपल्याकडच्या विभागांना इतके परीक्षक मिळणार नाहीत हे मला समजतं, मी अशाच विभागात काम करतो. पण तीन परीक्षक असले तरी प्रश्न आधी ठरवता येतात, ते सगळ्यांना सारखे विचारता येतात. प्रत्येकानं एकमेकांशी न बोलता, उत्तर ऐकल्याबरोबर गुण लिहायचे, एवढं तरी करता येतं. उमेदवाराचे लेखीतले गुण, आडनाव, महाविद्यालय हे समितीपुढं ठेवायचं नाही, निदान मुलाखत होईपर्यंत. आडनावाबद्दल वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात आडनाव ऐकलं की पुढचं सगळं डोक्यात आपोआप भरलं जातं. वडील काय करतात, लग्न कधी करणार, घरचे पाठवतील का, हे प्रश्न नियमानं बंद व्हावेत. मुलींना ते आजही विचारले जातात. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण ठेवावं. नाकारलेल्या उमेदवारानं मागितल्यास प्रत्येक निकषावरचे गुण द्यावेत.

हे सगळं करायला वेळ लागतो, माणसं लागतात. एका दिवसात ऐंशी मुलाखती उरकायच्या असतील तर यातलं काही होणार नाही. पण मग मुलाखतही घेऊ नका. लेखीवर प्रवेश द्या आणि पहिल्या सत्रात मुलांना घडवा. शिक्षक म्हणून ते आपलं काम आहे. अजय हसिया प्रकरणातल्या दोन-तीन मिनिटांबद्दल आपण हळहळतो आणि आपल्याच विभागात सहा मिनिटांत ३० गुण वाटतो, हे चालणार नाही.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाचा वाद इथं उपयोगी पडतो. सामाईक प्रवेश परीक्षा आल्यावरही महाविद्यालयाला सगळ्या विद्यार्थ्यांसाठी मुलाखतीचा १५ टक्के वाटा ठेवायचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो अल्पसंख्याक जागांपुरता मान्य केला, बाकीच्यांसाठी नाही. एवढ्या जुन्या, प्रतिष्ठेच्या संस्थेला आपल्या मुलाखतीचं समर्थन न्यायालयात करावं लागलं. असंच प्रत्येक संस्थेला, निदान आपल्या उमेदवारांपुढं, करावं लागलं पाहिजे.

विद्यापीठं आपण होऊन हे करतील, याची वाट पाहत बसायची गरज नाही. सरकारी विद्यापीठं, आयआयएम, फिल्म इन्स्टिट्यूट या सगळ्या संस्था माहितीच्या अधिकाराखाली येतात. केंद्रीय संस्थेकडं अर्जाचं शुल्क १० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. माझ्याकडं मुलाखतीच्या तयारीसाठी येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आता हा अर्ज कसा लिहायचा तेही शिकवतो. त्यात चार गोष्टी मागायच्या: मुलाखतीचे लेखी निकष आणि प्रत्येकाचे गुण, माझ्या मुलाखतीतले परीक्षकनिहाय गुण (परीक्षकांची नावं झाकून), गेल्या पाच वर्षांत प्रवर्गनिहाय लेखी आणि तोंडीची सरासरी, आणि मुलाखत कोणत्या भाषांतून देता येते याबद्दलचा ठराव, त्याच्या तारखेसह. निवड झालेल्यांनीही हा अर्ज करावा. नाकारलेल्यांनी एकट्यानं विचारलं तर त्याला रडगाणं म्हणतात. यादीत नाव असलेल्यांच्या सहीनं तेच चार प्रश्न गेले की विभागाला कपाट उघडून कागद शोधावे लागतात.